नववं ठिकाण

३ मार्च

ताई,

वर 'साष्टांग नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं. सहा वर्षांनी एकदम पायावर डोकं ठेवलं की समोरच्याला वाटतं, हिला काहीतरी हवंय. मला काही नको आहे. हे कामाचं पत्र आहे.

काल तुमच्या गावच्या सहल कंपनीच्या बाईंचं पत्र आमच्या माहिती कार्यालयात आलं. मे महिन्यात त्या बावीस जणांची बस घेऊन इकडे येणार आहेत, सगळे पहिल्यांदाच डोंगर बघणारे. त्यातल्या एका प्रवाशाने आपली स्वतःची यादी दिली आहे. नऊ ठिकाणं. आठ आम्हाला नकाशात सापडली, नववं सापडत नाही, तरी कुठे आहे ते कळवावे. प्रवासी म्हणतात, बाकीची आठ राहिली तरी चालतील, नववं पाहायचंच आहे. सोबत यादीची प्रत जोडली होती.

प्रत उघडली आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. आईचं अक्षर. प्रत्येक ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरलेली, आणि शेवटचा शब्द कडेला कसाबसा कोंबलेला. आईची वही तुझ्याकडे आहे, तेव्हा प्रवाशाचं नाव वाचायची गरज नव्हती. तरी वाचलं, दोनदा.

तर तू येते आहेस. इतक्या वर्षांत आली नाहीस, मी बोलावत होते तेव्हा आली नाहीस, आणि आता बावीस जणांत बसून येते आहेस. ये. आमचं कामच आहे ते, येणाऱ्याला 'या' म्हणायचं.

नवव्या ठिकाणाचं नंतर लिहिते. आधी बाकीच्यांचं सांगते, कारण 'पहिल्यांदा येणाऱ्यांनी न चुकता पाहावे असे' हे आमच्याकडचं पत्रक मीच लिहिते. पत्रकात काय असतं आणि प्रत्यक्षात काय असतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

हिमनदीबद्दल मी लिहिलंय, 'निळसर बर्फाचा अथांग प्रवाह'. मे महिन्यात त्यावर दगडमाती पसरलेली असते. लोक बसमधून उतरतात, बघतात आणि एकमेकांना विचारतात, अजून पुढे आहे का? तू तशी तोंड पाडून परत फिरू नकोस. डाव्या हाताने पाव तास चाल. तिथे बर्फाला एक भेग आहे, तिच्यावर वाकून कान लाव. खालून पाणी वाहताना ऐकू येतं. लहानपणी पाणी आलं की नाही बघायला तू नळाच्या पाइपला कान लावायचीस आणि मला ढकलून द्यायचीस, त्याची आठवण येईल. मला येते.

लाकडी पुलावर मधोमध थांबू नकोस, तुला घेरी येते. जुळा धबधबा सगळे बघतात, तूही बघ. गुहा सोडलीस तरी चालेल, आत अंधार आणि बाहेर रांग, दुसरं काही नाही. गरम पाण्याच्या झऱ्यात मात्र पाय सोडून बस. गुडघे कसे आहेत?

इकडे सगळं ठीक. यांचंही ठीक आहे.

बारकी


१९ मार्च

ताई,

उत्तर येईल असं मी धरलंच नव्हतं, त्यामुळे नाही आलं तर वाईटही वाटलं नाही. टपालवाला मात्र हल्ली मला बघून लांबूनच मान हलवतो. मी त्याला काही विचारलेलं नसताना.

तुमच्या कंपनीने कार्यक्रम कळवला. बारा मे, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं, आमचं गाव. थांबा दहा मिनिटं. हे दहा मिनिटांचं पाप माझंच आहे. पत्रकात या गावापुढे मी लिहून ठेवलंय, 'दहा मिनिटांचा थांबा, स्वच्छतागृहाची सोय'. कंपन्या तेच उचलतात. मी इथे चौदा वर्षं राहते आणि माझ्या गावाबद्दल मला एवढंच सुचलं. तसं ते खरंही आहे. बस थांबतात, लोक धावत जातात, धावत येतात, एखादा खिडकीशी येऊन विचारतो, इथे बघण्यासारखं काय आहे? मी पत्रक देते. तो ते वाचत बसमध्ये चढतो.

थांबा वाढवणं माझ्या हातात आहे. कंपनीला दोन ओळी लिहिल्या की दहाचे चाळीस होतील. कागद घेतला होता, ठेवून दिला. तू बसमधून उतरलीच नाहीस तर दहा मिनिटं कशीतरी काढता येतील, चाळीस मला झेपायची नाहीत.

तळ्याचं राहिलं. सकाळी नऊच्या आत जा. नंतर वारा सुटतो आणि पाण्यात शिखर दिसत नाही, मग लोक उगाच आमच्या नावाने खडे फोडतात. रोपवेत बसताना डोळे मिटशील, मला माहीत आहे. माळ्यावर चढायच्या शिडीवर मिटायचीस. निदान वर पोचल्यावर उघड.

आणि आठवं, घाटमाथा. घाटाबद्दल मी तुला काय सांगणार.

सांगतेच. सहा वर्षांत मला तुझं एकच पत्र आलं, त्यात एकच ओळ होती: 'घाट उघडा होता.' ते पत्र अजून आहे माझ्याकडे. आई गेली त्या आठवड्यात आपल्या शेजारच्या काकू सहलीला इकडे आल्या होत्या, त्यांनी परत आल्यावर तुला सांगितलं, हेही मला ठाऊक आहे. पण ताई, त्यांनी अर्धंच सांगितलं असेल. त्या दिवशी सकाळी आमच्या बसथांब्यावरच्या फळ्यावर 'घाट बंद' असं लिहिलेलं होतं. स्वच्छ, मोठ्या अक्षरात. काकूंची बसही ते वाचूनच दुपारपर्यंत इथे खोळंबली होती. विचार त्यांना. तुझा फोन आला तेव्हा मी तुला जे सांगितलं, ते फळ्यावरचंच सांगितलं.

एवढं तरी तू कधी ऐकून घ्यायला हवं होतंस.

बारकी


८ एप्रिल

ताई,

कंपनीच्या बाईंचं स्मरणपत्र आलं. नवव्या ठिकाणाचं काय झालं? त्यांनी दुसऱ्या दोन कार्यालयांनाही विचारलं, कोणालाच माहीत नाही. 'यादीत नुसतं "माझा कट्टा, कोणालाही विचारा" असं लिहिलं आहे, काही अर्थ लागत नाही.'

अर्थ मला लागतो. तुलाही लागत असणार, कारण ती पत्रं आईला वाचून तूच दाखवायचीस. आईचा चष्मा वर्षातले आठ महिने हरवलेला असायचा.

म्हणून पुन्हा एकदा लिहून टाकते, म्हणजे चुकून काही राहायला नको. मी आईला लिहिलं होतं की आम्ही घर बांधलंय, दुमजली, तळ्याच्या वरच्या अंगाला. मागे सफरचंदाची सहा झाडं. आणि झाडांच्या पलीकडे तुझ्यासाठी, आई, एक दगडी कट्टा बांधून घेतलाय. तिथे बसलं की एका नजरेत सात शिखरं दिसतात. सगळं गाव त्याला 'आईचा कट्टा' म्हणतं, थांब्यावर उतरून कोणालाही विचार, लहान पोरसुद्धा आणून सोडेल.

घर नाही, ताई. झाडं नाहीत. मी माहिती कार्यालयाच्या मागच्या खोलीत राहते. खोली कोरडी आहे, ऊन येतं, मला पुरते. पत्रकांचे गठ्ठे एकावर एक रचून त्यावर चादर टाकली की टेबल होतं. हंगामात गठ्ठे संपत आले की टेबल बुटकं होत जातं, मग मी खाली बसून जेवते. खिडकीतून बसथांबा दिसतो आणि पाण्याची टाकी. टाकीच्या मागून एका शिखराचा डावा खांदा. एवढंच.

आणि 'यांचं ठीक आहे' असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते ठीक असेलही. मला ठाऊक नाही. दहा वर्षं झाली. तुम्ही दोघी नको नको म्हणत असताना मी एका बस ड्रायव्हरच्या मागे इतक्या लांब आले, आणि चार वर्षांत त्याने दुसऱ्या मार्गावर बदली मागून घेतली. मग त्याच मार्गावर कुठेतरी घरही केलं. भांडणसुद्धा झालं नाही. एक दिवस त्याचा डबा भरून ठेवला होता, तो तसाच राहिला.

तेव्हाच आईने धरलं, मला तुझं घर बघायचंय. लिहिते काय, रडते काय, 'आता पाय चालतात तोवर येऊन जाते'. मी काय करणार होते? आली असती तर तिला कुठे बसवलं असतं, पत्रकांवर? पहिल्या वर्षी लिहिलं, यंदा बर्फ फार आहे. दुसऱ्या वर्षी रस्त्याचं काम निघालं. तिसऱ्या वर्षी ती फारच हट्टाला पेटली, तेव्हा कट्टा बांधला. म्हटलं, निदान बांधून ठेवलाय म्हटल्यावर तिला धीर धरवेल, घाई करणार नाही. आणि तसंच झालं. त्यानंतर तिने 'येऊ का' असं कधी विचारलं नाही, नुसतं 'माझ्या कट्ट्यावर पानं साचली असतील, झाडून घे' असं लिहायची. मीही 'झाडला' म्हणून कळवायची.

सात शिखरं मात्र मी मनाची नाही घातली. ती फाटकवाल्याची आहेत. वर घाटमाथ्यावर रस्ता अडवायचं फाटक आहे, तिथे हा एकटा माणूस वर्षभर असतो. रोज सकाळी पावणेसातला त्याचा मला फोन येतो, घाट उघडा की बंद ते सांगायला. ते एका शब्दाचं काम. पण एकटा माणूस, मग सांगत बसतो, आज फळीवर बसून चहा प्यायलो, सातही दिसत होती, आज चारच. दोन दगडांवर एक फळी टाकून त्याने बसायची जागा केली आहे. मी ती फळी कधी पाहिली नाही. इकडे आले तेव्हा घाट ओलांडला तो झोपेत, त्यानंतर कधी वर गेलेच नाही. त्याची फळी उचलली, तिचा दगडी कट्टा केला आणि आपल्या परसात आणून ठेवला. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही.

आता कंपनीला काय कळवू, तू सांग. तू हे ठिकाण खरं समजून शोधते आहेस, की मी थाप मारली होती हे माहीत असून मला चारचौघांत उघडं पाडायला शोधते आहेस, हेच मला समजत नाही. दोन्हीतलं काय बरं, तेही समजत नाही.

बारकी


२७ एप्रिल

ताई,

एक वेडेपणा केला, तो आधी सांगते. गवंड्याला बोलावलं. बसथांब्याच्या मागे, टाकीच्या या बाजूला, थोडी मोकळी जागा आहे. म्हटलं, इथे एक दगडी कट्टा हवा, दोन माणसं बसतील एवढा, आठ मेच्या आत. त्याने जागा बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"इथे बसून काय बघायचं, बाई? टाकी?"

"डोंगर."

"डोंगर त्या अंगाला आहेत."

"थोडासा दिसतो की."

"तेवढ्यासाठी कट्टा कशाला? उभ्या उभ्या बघून होईल." आणि मग जरा नरमाईने विचारलं, "कोण येणार आहे का?"

मी त्याला सांगितलं, बहीण येणार आहे. इतक्या वर्षांत या गावात मी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. तो म्हणाला, मग तिला चांगल्या ठिकाणी घेऊन जा, इथे कशाला बसवता. मी म्हटलं, राहू दे. माप घ्यायला आणलेली दोरी गुंडाळून तो गेला.

मी परत आत आले आणि कंपनीला लिहिलं. नक्कल ठेवली आहे, तीच उतरवते. 'आपल्या प्रवाशाच्या यादीतील नववे ठिकाण अस्तित्वात नाही. याबाबतची माहिती या कार्यालयातील कर्मचाऱ्याने पूर्वी चुकीची दिली होती. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' खाली सही केली, शिक्का मारला. थांबा वाढवा असंही त्यात लिहिता आलं असतं, नाही लिहिलं. ते आता तुझ्यावर आहे.

शिक्का मारल्यावर वाटलं, आता संपलं, खरं ते सांगून मोकळी झाले. पण नाही झाले. मागच्या महिन्यात मी तुला फळ्याचं लिहिलं ना, की सकाळी 'बंद' असं लिहिलेलं होतं आणि मी तेच तुला सांगितलं?

तो फळा मीच लिहिते, ताई. तेच माझं मुख्य काम. फाटकवाल्याचा फोन येतो, मी बाहेर जाऊन खडूने 'उघडा' किंवा 'बंद' लिहिते. आईला मी 'अधिकारी' म्हणून कळवलं होतं म्हणून तुला हे माहीत नाही.

त्या दिवशी त्याने पावणेसातला सांगितलं होतं, उघडा. फळा लिहायला म्हणून खडू घेऊन निघाले, तेवढ्यात परत फोन वाजला, आणि तू होतीस. 'आईचं जास्त आहे, मिळेल त्या गाडीने नीघ.' मी म्हटलं, घाट बंद आहे. ते तोंडातून कसं गेलं मला आजही सांगता येणार नाही. आईला 'यंदा नको' म्हणून म्हणून जिभेला सवयच झाली होती. तू विचारलंस, कधी उघडेल? मी म्हटलं, सांगता येत नाही. तू फोन ठेवलास. मी बाहेर गेले आणि फळ्यावर 'बंद' लिहिलं.

का लिहिलं, हे मी सहा वर्षं स्वतःला विचारते आहे. फळ्यावर उघडा आणि तोंडात बंद, असं एकत्र मला सोसलं नसतं, एवढंच कारण. लिहिलं आणि जरा वेळ खरंच वाटलं की बंद आहे. तीन बस थांबल्या. लोक ओट्यावर बसून राहिले, त्यात काकूही होत्या. मी आत खिडकी लावून बसले होते. एक वाजता फाटकवाल्याचा फोन आला, आज एकही गाडी वर का आली नाही? मी काही बोलले नाही. मग तो म्हणाला, फळा पुसा. त्यावर आजतागायत त्याने एक अक्षर काढलेलं नाही.

एक वाजता मीही निघू शकले असते. काकूंच्याच बसमध्ये जागा होती. पण आईच्या उशाशी माझी सगळी पत्रं होती, आणि मी एका पिशवीनिशी एकटी दारात उभी राहिले असते, तर तिने पहिलं विचारलं असतं, जावई कुठे आहेत. मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं? वाटलं, दोन दिवसांनी जाऊ. आजवर दर वेळी ती उठून बसली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली, आणि त्याच दिवशी बर्फ पडला आणि घाट खरोखरीच बंद झाला, अकरा दिवस. तेव्हा तुला कळवायचं धाडस झालं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार होते?

आता सगळं सांगितलं. याहून जास्त माझ्याकडे काही नाही. बारा तारखेला मी खिडकीतच असेन. निळा स्वेटर. नाही उतरलीस तरी बसच्या डाव्या बाजूला बस, म्हणजे मला दिसशील.

बारकी


१२ मे, सकाळी

ताई,

घाट बंद आहे.

हसू नकोस. की हस, मीसुद्धा हसले, फोन खाली ठेवून वेड्यासारखी हसले. पावणेसातला फाटकवाला म्हणाला, पहाटे दरड कोसळली, फाटकाच्या खाली दुसऱ्या वळणावर, तुमच्या बाजूला. एवढाले धोंडे आहेत, मशीन आल्याशिवाय काही होणार नाही, उद्या दुपार तरी होईल. मी म्हटलं, नीट बघितलंत ना? तो म्हणाला, बाई, मी कधी न बघता सांगितलंय का?

तुमची बस नऊला फाटकाशी पोचली. कंपनीच्या बाईंनी तिथून फोन केला आणि मलाच त्यांना सांगावं लागलं. तेच वाक्य, तेच तीन शब्द, आणि त्यांच्या मागे तू उभी होतीस, हे मला फोनवरूनही कळत होतं. त्या म्हणाल्या, मग आम्ही परत फिरतो, खाली उतरून दुसऱ्या रस्त्याने धबधबा तेवढा करतो, लोकांना थांबवून ठेवता येत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. 'त्या यादीवाल्या प्रवाशाला जरा सांगा की...' असं म्हणून मी थांबले. त्यांनी विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, काही नाही.

काय सांगणार होते? की खरंच बंद आहे? तू कशाला विश्वास ठेवशील? मी तुझ्या जागी असते तर म्हटलं असतं, हिची जुनी युक्ती. बहीण दारात आली की हिचा घाट बंद होतो.

बाहेर जाऊन फळा लिहिला. 'बंद' वाकडं आलं, पुसून पुन्हा लिहिलं. मग खाली अजून एक ओळ लिहिली, जी आजवर कधी लिहिली नव्हती: 'खात्रीसाठी कोणालाही विचारा.' कार्यालयाचे साहेब आले, वाचलं, म्हणाले, हे काय नवीन? मी म्हटलं, राहू द्या आजचा दिवस. त्यांनी राहू दिलं.

हे पत्र तुला घरी परत गेल्यावर मिळेल. निळा स्वेटर घातला होता, काढून ठेवला. उगाच उकडत होतं.

बारकी


१२ मे, दुपारी

ताई,

सकाळचं पाकीट अजून चिकटवलेलं नाही, त्यातच हे घालते. घाईत लिहिते आहे.

पावणेबाराला फाटकवाल्याचा फोन आला. हा माणूस एरवी दिवसातून एकदाच फोन करतो.

म्हणाला, "तुमची एक प्रवासी इथेच राहिलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे बस गेली, ही नाही गेली. एकवीस गेले. त्या कंपनीच्या बाईंनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी सहीचा कागद लिहून घेतला आणि गेल्या. ही म्हणते, उघडेल तेव्हा उघडेल, मी बसते."

मी खुर्ची ओढून बसले.

"आल्या आल्या मला विचारलं, खरंच बंद आहे का? मी म्हटलं, माझ्या शब्दावर कशाला जाता, चालत जा आणि बघून या. तर खरंच गेली की! गुडघे धरत धरत दुसऱ्या वळणापर्यंत गेली. दरडीला हात लावून आली."

"मग?"

"मग म्हणाली, तुमची बसायची फळी कुठली?"

ताई, फळीचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. कंपनीला नाही, काकूंना नाही. ते फक्त एका पत्रात होतं, आठ एप्रिलच्या. म्हणजे तुला पत्रं मिळाली. मिळाली आणि तू उघडलीस, वाचलीस, सत्तावीस तारखेचंही वाचलं असशील, आणि वाचून तू येणं रद्द केलं नाहीस.

"तुम्ही रडताय का?" त्याने विचारलं.

"नाही. ती काय करतेय?"

"बसलीय. वहीतलं बघतेय आणि शिखरं मोजतेय. पाच झाली. मला म्हणते, दोन कमी आहेत, यातही थाप आहे का? मी म्हटलं, ढगात आहेत, जरा दम धरा. फोन देऊ का तिला?"

फोनवर मी तिला, म्हणजे तुला, एकदा जे सांगितलं ते पुरेसं आहे. म्हटलं, "नको. तिला चहा द्या. मी येते."

मशीन खाली थांब्यावरच उभं आहे, डिझेल भरून निघतंच आहे. मशीनवाला म्हणतो, शेजारी एकाला बसता येतं, पण दरडीपर्यंतच नेईन, पुढे जायचं तर धोंड्यांवरून चढून जावं लागेल, तुमची तुम्ही जबाबदार. साहेबांना विचारलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा रजा मागितली, ते इतके चकित झाले की हो म्हणाले. खिडकीत तेच बसतील. त्यांना एवढंच सांगितलंय की फळ्याला हात लावू नका, तो मी परत येऊन पुसेन.

स्वेटर पुन्हा घातला आहे, वर थंडी असेल. एक फडकं घेतलं आहे, फळीवर पानं वगैरे साचली असतील तर. मशीनवाला कधीपासून हॉर्न वाजवतोय. हे पत्र टपालात टाकत नाही, हातातच देते.

जरा सरकून बस.

बारकी